बाळाच्या शीची तपासणी: डबी भरण्याआधी एवढं वाचा

‘स्टूल रुटीन नॉर्मल आलं, पण पोराचे जुलाब काही थांबत नाहीत’ ही तक्रार आमच्या लॅबच्या काउंटरवर सारखी येते. स्टूल रुटीन म्हणजे मायक्रोस्कोपखाली होणारी शीची नेहमीची तपासणी. पुष्कळदा गडबड नमुना घेतानाच झालेली असते.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो डायपरमुळे. डायपर पातळ शीतलं पाणी शोषून घेतो आणि वर नुसता चोथा उरतो. तोच खरवडून डबीत येतो. जिआर्डिया आणि अमिबा या जुलाब करणाऱ्या सूक्ष्म परजीवींची हालचाल करणारी अवस्था, म्हणजे ट्रोफोझॉइट, पातळ शीतच सापडते आणि नेमकी तीच आमच्यापर्यंत पोचत नाही. त्यात लघवी मिसळली की ट्रोफोझॉइट मरतात. म्हणून डायपर उलटा, प्लास्टिकची बाजू आत करून बांधा, किंवा आत स्वच्छ पातळ प्लास्टिक अंथरा. शी-शू एकत्र झाली तर तो नमुना टाकून द्या आणि पुढच्या वेळेची वाट बघा. पॉटी वापरत असाल तर ती कोरडी हवी. फिनाईल नको, पाणीही नको, कारण नळाच्या किंवा टाकीच्या पाण्यातले भलतेच जीव नमुन्यात येतात.

पातळ शी असेल तर एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिली. घट्ट असेल तर सुपारीएवढी पुरे. रक्त किंवा आव दिसत असेल तर तोच भाग घ्या. डबी काठोकाठ भरू नका, झाकण उडतं.

डबीवर वेळ लिहा. आणून दिल्याची नाही, शी झाल्याची. पातळ नमुना अर्ध्या तासात आणि मऊसर नमुना तासाभरात बघावा लागतो. घट्ट शीत सिस्ट, म्हणजे परजीवीची कवचातली निपचित अवस्था असते, ते फ्रिजमध्ये दिवसभर टिकतात. सकाळी सहाची पातळ शी दुपारी आली तर आम्ही ती परत पाठवतो. काहींना राग येतो, पण मेलेल्या नमुन्यावर ‘काही आढळलं नाही’ असं लिहून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. लांब राहत असाल तर दोन डब्या मागून न्या. एक कोरडी, दुसरीत १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन. एक भाग शी, तीन भाग फॉर्मॅलिन, नीट ढवळून. फॉर्मॅलिनची डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन्ही डब्यांचे वेगळे पैसे नाहीत.

तीन नमुने कशाला, असं हमखास विचारलं जातं. जिआर्डियाचे सिस्ट रोज सारखे पडत नाहीत, मध्ये काही दिवस अजिबात दिसत नाहीत. म्हणून एक दिवसाआड असे तीन नमुने दहा दिवसांच्या आत द्यावेत. तिन्ही एकदम नोंदवले तर आम्ही सवलत देतो. नमुना शक्यतो औषध सुरू करण्याआधी घ्या. सुरू झालं असेल तर नमुन्यासाठी ते बंद करू नका, फक्त आम्हाला नाव सांगा. ओआरएस तर कुठल्याच कारणाने थांबवू नये.

आता क्रिप्टोस्पोरिडियम, थोडक्यात क्रिप्टो, हा जुलाब करणारा आणखी एक परजीवी. हा नेहमीच्या स्टूल रुटीनमध्ये निसटतो, कारण त्याची ऊसिस्ट, म्हणजे कवचातली अवस्था, जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची असते आणि साध्या स्लाइडवर यीस्टसारखी दिसते. अ‍ॅसिड-फास्ट रंग दिला की ती गुलाबी-लाल उठून दिसते. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, तान्ह्या बाळांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांच्या कारणांत रोटाव्हायरसच्या पाठोपाठ हा आढळला होता. म्हणून जुलाब लांबले असतील तर डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘अ‍ॅसिड-फास्ट’ लिहायला सांगा. अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची एक गोळी जंतांसाठी असते. ती दिली म्हणून हा प्रश्न मिटला असं समजू नका. पाण्यातल्या क्लोरीनलाही क्रिप्टो दाद देत नाही. पाणी उकळूनच द्या.

‘कुठला प्रकार आहे तेही सांगा’ अशी मागणी हल्ली होते. प्रश्न रास्त आहे. मायक्रोस्कोपखाली एकच दिसणारा जिआर्डिया जनुकांवरून ए ते एच अशा आठ गटांत मोडतो. माणसांत मुख्यतः ए आणि बी सापडतात, कधी एकाच मुलात दोन्ही. सी आणि डी कुत्र्यांचे, ई गुराढोरांचा. क्रिप्टोचा होमिनिस हा प्रकार मुख्यतः माणसाकडून माणसाला होतो, तर पार्वम वासरांकडूनही येतो. जीपी-६० या जनुकावरून त्यांचेही पुढे उपप्रकार पाडतात. एक उपप्रकार होऊन गेला म्हणजे दुसऱ्यापासून बाळ सुटलं असं नाही.

पण जिआर्डियाचा ए निघो की बी, औषध तेच राहतं. त्यामुळे एकट्या मुलासाठी हा खर्च करा, असं आम्ही स्वतःहून सांगत नाही. एकाच पाळणाघरातली बरीच मुलं आजारी असतील, किंवा घरी वासरं असून आजार पुन्हा पुन्हा होत असेल, तर मात्र संसर्गाचा माग काढायला टायपिंग, म्हणजे प्रकार ओळखणं, उपयोगी पडतं. अमिबाची गोष्ट निराळी. त्याच्या दोन जातींपैकी हिस्टोलिटिका रोग करतो, डिस्पार करत नाही, आणि दोघांचे सिस्ट हुबेहूब सारखे. तिथे पीसीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी तपासणी, केल्याने नको ते औषध टळू शकतं.

पीसीआर किंवा टायपिंगसाठी फॉर्मॅलिनची डबी चालत नाही, त्याने डीएनए खराब होतो. कोरड्या डबीतला नमुना लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि थंड पिशवीतून आणा. उलट, हालचाल बघायच्या नमुन्याला फ्रिज नको, त्याने ट्रोफोझॉइट मरतात. कुठली तपासणी लिहिली आहे ते कळत नसेल तर शी घेण्याआधी चिठ्ठीचा फोटो पाठवा. कुठली डबी लागेल ते आम्ही कळवू. घरून नमुना न्यायला माणूस हवा असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा.