कारखाने माणसांच्या मागे का जातात?

मजुरी स्वस्त म्हणून जगाचे कारखाने चीनला गेले, असं आपण सहज बोलून जातो. पण ती इतकी वर्षं स्वस्त राहिली कशी?

अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी 1954 साली याचं एक उत्तर मांडलं. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात गुंतलेले असतात तोवर कारखानदाराला मजुरी फारशी न वाढवता हवी तेवढी माणसं मिळतात. हे जादा हात संपले की मजुरी चढायला लागते. 1980 मध्ये दक्षिण चीनमधल्या शेनझेनला विशेष आर्थिक क्षेत्र झालं आणि हनान, सिचुआन, हुनान या प्रांतांमधली तरुण मुलंमुली रेल्वेने दक्षिणेकडे लोटली. कारखान्याच्या आवारातच वसतिगृह. एका खोलीत आठ-आठ जण, दुमजली खाटा.

पण नुसत्या गर्दीने सगळा उलगडा होत नाही. चीनमध्ये 1958 पासून ‘हुकोउ’ ही कुटुंबनोंदणी सक्तीची आहे. नोंद गावची असेल, तर शहरात मुलाला सरकारी शाळा मिळणं मुश्कील. म्हणून मुलं आजी-आजोबांकडे राहिली. कामगाराचं बालपण आणि म्हातारपण गावाने सांभाळलं, कारखान्याने फक्त उमेदीची वर्षं घेतली. मजुरी कमी राहण्यामागे हा न दिसणारा खर्च आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या गिरणगावाला हे नवं नाही. चाकरमानी खानावळीत जेवायचा, पाळीपाळीने खोलीत झोपायचा. घर चालायचं कोकणात नाहीतर घाटावर.

2004 च्या सुमारास दक्षिण चीनमध्ये कामगार कमी पडू लागले. चिनी नववर्षाला गावी गेलेले सगळेच परत येईनात. शेतीचं उत्पन्न सुधारलं होतं, आणि एक-मूल धोरणानंतर जन्मलेल्या पिढीची संख्याच कमी होती. 2012 मध्ये 15 ते 59 वयोगटातली लोकसंख्या 34.5 लाखांनी घटली. मजुरी वाढत गेली.

मग कारखानेच निघाले. ॲपलसाठी फोन जोडून देणाऱ्या फॉक्सकॉन या तैवानी कंपनीने 2010 मध्ये हनान प्रांतातल्या झेंगझोऊला आयफोनची जुळणी सुरू केली. जिथून माणसं शेनझेनला जायची, तोच हा प्रांत. ऐन हंगामात तिथे दोन लाखांच्या आसपास कामगार असत. एवढी माणसं लागतात, कारण बारीक स्क्रू बसवणं, लवचिक केबल खाचेत सरकवणं हे बोटांना जमतं तितकं यंत्राला सहज जमत नाही. शिवाय दरवर्षी मॉडेल बदलतं, म्हणजे यंत्राची मांडणीही बदलावी लागते.

सॅमसंगने व्हिएतनाममधलं बाकनिन्ह गाठलं. आयफोनची जुळणी तामिळनाडूतही होऊ लागली. तिथे श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल इथे ऑगस्ट 2024 मध्ये 18,720 महिला कामगारांसाठी वसतिगृह सुरू झालं. ते उभारलं राज्य सरकारच्या औद्योगिक महामंडळाने. गुंतवणूक हवी असलेल्या राज्याला आता जमीन आणि विजेबरोबर खाटाही पुरवाव्या लागतात.