तारांगणात दुर्बीण का नसते?

वरळीच्या नेहरू तारांगणातला खेळ संपला, दिवे लागले, आणि माझ्या आठ वर्षांच्या भाचीने विचारलं, "मामा, पण दुर्बीण कुठे आहे?" तिने नुकतीच शनीची कडी पाहिली होती. ती कुठूनतरी दुर्बिणीतूनच येत असणार, असा तिचा समज. मोठ्या माणसांचाही असतो. तारांगण आणि वेधशाळा यांची गल्लत इतकी रुळली आहे की, भर दुपारी तारांगणात शिरताना "आत्ता तारे कसे दिसतील?" अशी शंका हमखास कानावर येते.

तारांगणात दिसतं ते आकाशाचं चित्र. १९२३ साली जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या वॉल्टर बाउअर्सफेल्ड यांनी पहिला आधुनिक प्रक्षेपक म्युनिकच्या संग्रहालयात दाखवला. आत प्रखर दिवा, भोवती बारीक छिद्रांच्या चकत्या. तारा ठळक असेल तर छिद्र मोठं, मंद असेल तर लहान. छिद्रांतून निघालेले कवडसे घुमटावर पडले की झालं आकाश. नेहरू तारांगण १९७७ साली सुरू झालं ते अशाच झाइस यंत्रावर. आता तिथे डिजिटल प्रक्षेपण आहे.

चित्र म्हणून त्याला कमी लेखू नका. खऱ्या आकाशाला जे कधीच जमणार नाही, ते इथे पाच मिनिटांत होतं. मुंबईहून ध्रुव तारा उत्तर क्षितिजावर जेमतेम १९ अंश वर असतो, कारण मुंबईचा अक्षांशच तेवढा. निवेदक तुम्हाला उत्तरेकडे नेऊ लागला की ध्रुव वर वर चढतो आणि उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर येतो. उलट दक्षिणेला निघालात तर ध्रुव बुडतो आणि आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा अगस्ती तारा उंच चढतो. अक्षांश म्हणजे काय, हे शाळेत घोकून मला कळलं नव्हतं, ते घुमटाखाली कळलं. भर पावसाळ्यातही हे आकाश निरभ्र असतं!

वेधशाळेत मात्र आकाशाची मापं घेतात. वेध घेणं म्हणजे नेम धरून पाहणं, मोजणं. आपल्याकडे या शब्दाचा आणखी एक घोळ आहे : वेधशाळा म्हटलं की मराठी माणसाला आधी पाऊस आठवतो. 'कुलाबा वेधशाळेत इतके मिलिमीटर' हे वाक्य ऐकतच आपण वाढलो. पण १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभारली गेली ती आकाशनिरीक्षणासाठी आणि जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. पुढे चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी वाढल्या. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. पावसाचं मोजमाप कुलाब्यालाच राहिलं आणि नावही तेच राहिलं.

म्हणूनच वेधशाळा शहराबाहेर पळतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीच्या डोंगरावर आहे, कारण तिला अंधार लागतो. नारायणगावजवळ खोडदला तर ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ अँटेना आहेत. त्यांना डोळा लावायला जागाच नाही. त्या रेडिओलहरी टिपतात, दिवसाही.

मुलांना आधी कुठे न्यावं, असं कोणी विचारलं तर मी ठामपणे तारांगण सांगतो. आधी दुर्बिणीपाशी नेलं तर मूल हिरमुसतं. लहान दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह, दिसतो एक फिकट धुरकट ठिपका. छायाचित्रातले रंग डोळ्याला दिसत नाहीत. पण त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे तारांगणात ऐकून आलेलं मूल तिथून डोळा काढत नाही.

भाचीला मी त्याच थंडीत एका गावाबाहेरच्या माळावर आकाशदर्शनाला नेलं. तिथल्या दुर्बिणीतून शनी तिच्या नखाच्या टोकाएवढाही दिसला नाही. घुमटावर तो केवढा मोठा होता! तरी ती ओरडली, "मामा, खरंच कडी आहे!"