ख्रिस्ती आशा आणि स्वर्गाची ओढ (खानदेश)

ख्रिस्ती आशा : येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला या विश्वासाच्या आधाराने मरणापलीकडच्या जीवनाची पाहिलेली वाट. विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायात येते. इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. भीती आणि शंका या आशेच्या बाहेरच्या गोष्टी आहेत, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. बायबलचा मजकूर त्याला दुजोरा देत नाही. भूतबाधेने पछाडलेल्या मुलाचा बाप येशूसमोर ओरडतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’ (मार्क ९), आणि त्याचा मुलगा बरा होतो. ८८ वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकातून कोणी काढून टाकले नाही.

बोलण्यात स्वर्ग म्हणजे मेल्यावर जाण्याची जागा. नव्या कराराचा अखेरचा रोख मात्र शरीराच्या पुनरुत्थानावर आणि नव्या आकाश-पृथ्वीवर आहे (प्रकटीकरण २१). मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायात, दोन्ही कल्पना शेजारी नांदतात. अंत्यविधीत पाळक (मंडळीचे धर्मगुरू) मृताविषयी ‘प्रभूजवळ गेला’ असे म्हणतात आणि थोड्याच वेळात, माती लोटताना, शेवटच्या दिवशी त्याच्या उठण्याची ग्वाही देतात. यात कोणाला विसंगती वाटत नाही. पौलालाही वाटली नसावी. फिलिप्पैकरांस पत्रात त्याला देह सोडून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ आहे, पण तुमच्यासाठी इथे राहणे जास्त गरजेचे, असेही तो लिहितो.

खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, ही आशा रुजली ती मुख्यतः दोन प्रोटेस्टंट मिशनांमुळे. पूर्वेला भुसावळ, चाळीसगाव भागात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने काम केले. तिचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या शिकवणीचे चार खांब होते : ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि येणारा राजा. पश्चिमेला नवापूर, नंदुरबार, चिंचपाडा भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन यांनी ते १८९० मध्ये अमेरिकेत स्थापन केले आणि १९४९ मध्ये त्याचे नाव बदलून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झाले. फ्रान्सन यांच्या उपदेशात ख्रिस्ताचे दुसरे येणे अगदी जवळ आल्याचा सूर सतत असे. त्यामुळे खानदेशी मंडळ्यांच्या वाट्याला आलेल्या आशेची दोन वचने ठळक होती : प्रभू लवकर येईल आणि प्रभू बरे करील. इथल्या शंकाही बहुतेक याच दोन जागी उगवतात.

पहिली शंका उशिराची. ती नवी नाही. इसवी सन ५० च्या सुमारास थेस्सलनीकाच्या मंडळीला हाच घोर लागला होता : प्रभू येण्याआधीच आपली माणसे मेली, त्यांचे काय? ‘ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा’ शोक करू नका, असे पौलाने त्यांना कळवले. रडू नका, असे त्याने लिहिलेले नाही. सांत्वनाला आलेली मंडळी हा फरक पुष्कळदा विसरतात आणि कालच कुंकू पुसल्या गेलेल्या बाईला आनंद करायला सांगतात.

दुसरी शंका जास्त बोचरी आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले तर मुलाला तो होऊ शकतो. हातपाय, छाती, कंबर यांत वेदनेचे झटके येतात, पोर रात्रभर कण्हते. घरात उपास-प्रार्थना होते, पाळक तेल लावून हात ठेवतात, झटका ओसरतो आणि पुन्हा येतो. मग कोणीतरी म्हणते, विश्वास कमी पडला. आजार आईबापांकडूनच आला हे दवाखान्यात कळलेले असते, त्यावर हे बोल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य नेमके हेच विचारतात : पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. पौलाच्या देहातला काटाही (आपल्या पीडेला त्याने दिलेले नाव) तीनदा विनवूनही निघाला नाही. बरे करण्याचे वचन शिकवताना हे दोन उतारे मागे पडले, ही या परंपरेची उणीव म्हणावी लागेल.

भीतीचे स्वरूप इथे वेगळे आहे. मावची, वसावे, पावरा या इथल्या आदिवासींत पूर्वापार भीती केवळ मरणाची नाही. मरण कोणामुळे आले याची आहे. भगताने एखाद्या बाईला डाकीण ठरवले की तिचे घर उठते. म्हणून मंडळीत साक्ष देताना जुनी माणसे स्वर्गाच्या आधी या सुटकेविषयी बोलतात : रात्री नाल्याकाठून येताना भीती वाटेनाशी झाली, अंगावरचा ताईत काढून टाकला. मरणाच्या भयाने जन्मभर दास झालेल्यांना सोडवणे, असे इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, ते या लोकांना समजावून सांगावे लागले नाही.

शंकेला मराठी वाचकांत जागा मिळाली ती एका भाषांतरामुळेही. इंग्रज लेखक जॉन बन्यनच्या १६७८ मधील रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ १८४१ मध्ये निघाले. स्वर्गनगरीच्या वेशीवर पूल नसलेली नदी आहे, आणि प्रवाशाचा विश्वास असेल तसे तिचे पाणी खोल किंवा उथळ होते. कथेचा नायक तिथे गटांगळ्या खातो, देवाने टाकले म्हणून आक्रोश करतो. त्याला वर धरणाऱ्या सोबत्याचे नाव आशावान. नायक बुडत नाही, शेवटी धीर येऊन पारही होतो, पण गटांगळ्या खाऊनच. पावसाळ्यातली तापी पाहिलेल्या वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये.

स्वर्गाच्या ओढीने माणूस इथल्या अन्यायाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप खानदेशात केवळ पुस्तकी नाही. दिवाळीनंतर नवापूर, साक्री भागातली कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे जातात. उचल आधीच घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. गावातले मंदिर (प्रोटेस्टंट मंडळ्यांत चर्चला असेही म्हणतात) तेवढे महिने ओस पडते. फडाजवळच्या झोपड्यांत रात्री ढोलकीवर स्वर्गाची गाणी होतात. मुकादमाला अशी गाणी सोयीचीच. पण ज्या याकोबाच्या पत्रात प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा असे आहे, त्याच ५ व्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड प्रभूच्या कानी गेली आहे, असेही आहे. हा उतारा फडावर किती वेळा वाचला जातो, यावर पुष्कळ काही ठरते.

कॅथलिक परंपरेत आशेला मृतांसाठीच्या प्रार्थनेची जोड आहे. खानदेशातील कॅथलिक १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, कबरींवर फुले, मेणबत्त्या आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) होतो. प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे कबरस्तानात उपासना होते, त्याआधी कबरींना चुना देतात. भावकीत ख्रिस्ती आणि जुना आदिवासी धर्म पाळणारी अशी दोन्ही माणसे असली की मयतानंतर दगड उभा करण्याचा, जेवण घालण्याचा प्रश्न निघतो. काही मंडळ्या ते सपशेल नाकारतात. काहींनी दगडाच्या जागी क्रूस आणि जेवणाच्या आधी स्मरणप्रार्थना असा मार्ग काढला आहे, आणि पंचांत त्यावरून अजूनही वाद होतात.