शिष्यत्व प्रशिक्षण (इंदूर)

ख्रिस्ती मंडळीतील सामान्य सभासदांना आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला आणि नवविश्वासी व्यक्तींना सांभाळायला शिकवण्याची पद्धत. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करा’ ही येशूची आज्ञा (बायबलमधील मत्तय 28:19) याबाबत नेहमी सांगितली जाते. प्रशिक्षणाचा थेट आधार मात्र इफिसकरांस 4:11–12 मध्ये आहे. पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) सगळी सेवा एकट्याने उरकायची नसून सभासदांना तिच्यासाठी सिद्ध करायचे, असे तिथे म्हटले आहे.

याचा उत्तम नमुना प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये सापडतो. अपुल्लोस हा शास्त्रात मुरलेला वक्ता, पण त्याला केवळ येशूच्या आधी आलेल्या योहानाचा बाप्तिस्मा (पाण्याने दिलेली दीक्षा) ठाऊक होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवणाऱ्या दांपत्याने त्याला चारचौघांत न टोकता आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. शिकवणारे पेशाने उपदेशक नव्हते, हे महत्त्वाचे.

इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम 1877 मध्ये सुरू झाले. इंदूर ख्रिश्चन कॉलेज 1887 चे. होळकरांच्या या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असली, तरी मंडळ्यांचा कारभार मुख्यतः हिंदीत चालतो. त्यामुळे मराठी घरातून आलेल्या माणसाला प्रवचन एका भाषेत आणि प्रार्थना दुसऱ्या भाषेत, अशी कसरत करावी लागते. अशा ठिकाणी मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) भजने उपयोगी पडतात. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

प्रशिक्षणात साक्ष थोडक्यात सांगण्याचा सराव असतो: आधीचे आयुष्य, वळण, नंतरचा बदल. ‘तारण’ (पापातून सुटका), ‘कोकरा’ (येशू) असे मंडळीतले शब्द बाहेरच्याला कळतीलच असे नाही, म्हणून साध्या बोलीत सांगून पाहायचे. समोरच्याच्या दैवतांची टिंगल करायची नाही. 1 पेत्र 3:15 उत्तर ‘सौम्यतेने’ द्यायला सांगते. साक्ष द्यायला उत्साह पुरतो, जोपासनेला चिकाटी लागते, आणि बहुतेक वर्ग इथेच लंगडे पडतात. नवविश्वासी व्यक्तीबरोबर एखादे शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारे बायबलमधील पुस्तक) सावकाश वाचणे, सोबत प्रार्थना करणे, घरच्यांशी तुटू न देणे, गणपतीच्या आरतीला उभे राहायचे की नाही या प्रश्नावर घाईने निकाल न देणे, हे सारे त्यात येते. चहाच्या कपाबरोबर चालणाऱ्या या गाठीभेटींची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

मध्य प्रदेशात या कामाला कायद्याची चौकट आहे. बळजबरीच्या धर्मांतराला आळा घालणारा धर्मस्वातंत्र्य कायदा प्रथम 1968 मध्ये झाला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. 2021 च्या कायद्याने बळजबरी, आमिष व फसवणुकीवर शिक्षा वाढवली आणि धर्मांतराआधी 60 दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवण्याची अट घातली. या अटीच्या अंमलाला उच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंतरिम आदेशाने काही अंशी रोखले. या कायद्यामुळे कोणाला मदत केली, कोणत्या वेळी केली आणि ती आमिष तर वाटणार नाही ना, हेही साक्ष देणाऱ्याला शिकवावे लागते. आजारी शेजाऱ्याला डबा पोचवताना सोबत पत्रक देऊ नये, असा दंडक म्हणूनच शहाणपणाचा ठरतो.