भूजची पुनर्मांडणी : किल्लारीहून निघालेली एक वाट

भूकंपात घर पडले तरी त्याखालची जमीन जागच्या जागी राहते, असे आपण धरून चालतो. २६ जानेवारी २००१ नंतर भूजच्या तटाआडच्या जुन्या शहरात मात्र असे धरून चालता येईना. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती एकमेकींवर कोसळल्या होत्या. ढिगारे हलवले गेले तसतशा जोत्यांच्या रेषाही पुसल्या गेल्या, आणि आपली हद्द कुठे संपते व शेजाऱ्याची कुठे सुरू होते हे दाखवणारी खूणच अनेक ठिकाणी उरली नाही. त्यामुळे शहर पुन्हा उभे करायचे तर बांधकामाआधी मोजणी करावी लागणार होती, आणि मोजणीआधी लोकांशी बोलावे लागणार होते. ही दोन्ही कामे ज्यांच्याकडे आली त्यांत वास्तुरचनाकार, नगररचनाकार, स्थापत्य अभियंते आणि समाजकार्याचे पदवीधर होते, आणि त्यांच्यापैकी बरेच जण नुकतेच व्यवसायात पडलेले होते. भूजच्या पुनर्बांधणीचे श्रेय सहसा निधीला आणि प्रशासनाच्या वेगाला दिले जाते. त्या श्रेयात या तरुण व्यावसायिकांचा वाटा ठळकपणे मांडला जात नाही, आणि त्यांना हाती आयती मिळालेली कामाची पद्धत कुठून आली, हे तर क्वचितच सांगितले जाते. तिचे एक मूळ मराठवाड्यात आहे आणि दुसरे जुन्या मुंबई इलाख्याच्या एका कायद्यात.

भूज ही कच्छच्या जाडेजा राजघराण्याची राजधानी. राव खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास भूजला हा मान दिला. हमीरसर तलावाच्या काठी, तटाच्या आत, पिढ्यान्‌पिढ्या दाटत गेलेल्या शेऱ्या आणि फळिये, म्हणजे गल्ल्या आणि मोहल्ले, असे तिचे रूप होते. कच्छला भूकंप नवा नाही. १६ जून १८१९ च्या धक्क्याने रणात जमिनीचा लांबलचक पट्टा उचलला गेला आणि त्याला लोकांनी ‘अल्लाह बंध’ म्हटले. १९५६ मध्ये अंजारची हानी झाली. तरीही २००१ च्या प्रजासत्ताक दिनी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या, भचाऊजवळ केंद्र असलेल्या ७.७ तीव्रतेच्या धक्क्यासाठी या प्रदेशातील बांधकाम तयार नव्हते. गुजरातमध्ये अधिकृत मोजणीनुसार १३,८०५ माणसे गेली. अंजारच्या अरुंद गल्लीतून झेंडावंदनाची फेरी काढणारी शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडले गेले. भूजचे सिव्हिल हॉस्पिटल कोसळले. जुनी दगडी घरे पडली तशा काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारतीही पडल्या, आणि त्याच वेळी बन्नी भागातील ‘भुंगे’, म्हणजे मातीची पारंपरिक गोल घरे, पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. पुढे भूजमध्ये स्थिरावलेल्या काही तरुण वास्तुरचनाकारांच्या कामाची दिशा याच निरीक्षणाने ठरवली.

आता किल्लारीकडे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाट होण्यापूर्वी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्क्याची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे कच्छच्या तुलनेत कितीतरी कमी होती. एवढा संहार घडवला तो घरांच्या रचनेने. जाडजूड दगडी भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचा मातीचा भार. जागतिक बँकेच्या कर्जाने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्याचे दोन भाग होते आणि ते एकमेकांपासून इतके वेगळे होते की त्यांना एकाच नावाखाली ठेवणे मला नेहमीच थोडे दिशाभूल करणारे वाटते.

पहिला भाग सर्वांना दिसला. ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवण्यात आली. शासनाने, कंपन्यांनी आणि देणगीदार संस्थांनी कंत्राटदारांकरवी सरळ रेषांत घरे बांधून दिली. ही घरे भूकंपाला तोंड देतील अशी होती, परंतु वाड्यातील चौक, जनावरांची जागा, कडबा ठेवण्याची सोय, एका भावकीची घरे एकमेकांना लागून असण्याची रीत हे सारे त्या आखणीत बसले नाही. गावे पसरली, रस्ते लांबले, आणि घराचा नकाशा ठरताना त्या घरात राहणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते, ही तक्रार पुढे अनेक वर्षे ऐकू येत राहिली.

दुसरा भाग फारसा कोणाच्या छायाचित्रांत आला नाही. जिथे घरे पडली नव्हती पण तडकली होती, अशा शेकडो गावांत लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः करायचे होते. पैसे टप्प्याटप्प्याने त्यांच्या हाती येणार होते, आणि प्रत्येक टप्पा तपासायला व समजावून सांगायला कनिष्ठ अभियंता गावात येणार होता. महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या त्या अभियंत्याला प्रथमच असे काम करावे लागले की, ज्याचा निर्णय त्याच्या हाती नव्हता. सिलिंगखाली काँक्रीटची पट्टी का हवी, कोपऱ्यात सळई का वळवायची, छतावरची माती का उतरवायची, हे त्याला पटवून द्यायचे होते. हुकूम देऊन चालणार नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेकडे लोकसहभागाची जबाबदारी होती, आणि प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. राजेंद्र आणि रूपल देसाई हे अभियंता-वास्तुरचनाकार दांपत्य अहमदाबादहून येऊन दगडी भिंती न पाडता त्यांत आरपार बांधणी कशी घालावी हे गवंड्यांना प्रत्यक्ष दाखवत होते. आपत्तीनंतर व्यावसायिकाने कुठे उभे राहायचे, याचे उत्तर या दुसऱ्या भागात तयार झाले: घरमालकाच्या शेजारी, आणि त्याच्या पैशाचा हप्ता ज्या कागदावर अडतो त्या कागदाजवळ.

कच्छमध्ये हे उत्तर आयते उपलब्ध होते, हे गुजरातचे भाग्य. भूकंपानंतर पंधरवड्याच्या आत, ८ फेब्रुवारी २००१ रोजी, गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन झाले. सुरुवातीला इथेही गावे हलवण्याचा विचार पुढे आला, पण बहुसंख्य गावांनी तो नाकारला, आणि ‘पैसे मालकाला, बांधकाम मालकाचे, देखरेख अभियंत्याची’ हे सूत्र ग्रामीण भागात मुख्य धोरण झाले. मदत हप्त्यांनी मिळत होती आणि पुढचा हप्ता बांधकामाच्या तपासणीवर अवलंबून होता. लातूर-उस्मानाबादच्या महिला कच्छमध्ये गेल्या आणि किल्लारीत काय चुकले, काय साधले हे तिथल्या महिलांना स्वतःच्या तोंडून सांगू लागल्या. देसाई दांपत्याचे कामही किल्लारीकडून कच्छकडे आले.

कच्छची स्वतःची तयारीही होती. ९ जून १९९८ च्या कांडला चक्रीवादळानंतर तिथल्या स्वयंसेवी संस्था ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ या नावाने एकत्र आल्या होत्या, आणि कच्छ महिला विकास संघटन उभे करणाऱ्या सुषमा अय्यंगार त्यात आघाडीवर होत्या. भूकंपानंतर अभियानाने गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे उघडली. या केंद्रांत बसणारे तरुण कार्यकर्ते कागदोपत्री छोटे वाटणारे, पण लोकांच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम करत होते. घराच्या नुकसानीला जी १ ते जी ५ अशी श्रेणी मिळत होती आणि त्यावर मदतीची रक्कम ठरत होती. श्रेणी चुकली की कुटुंबाचे गणितच चुकत होते. फेरपाहणीचा अर्ज कसा करायचा, बँकेत खाते कसे उघडायचे, हप्ता कुठे अडला आहे, गावातील तक्रार कोणत्या टेबलापर्यंत न्यायची, हे सेतू सांगत असे. शासनाचा निर्णय गावाला कळावा आणि गावाचे म्हणणे शासनाला कळावे, ही दुहेरी वाहतूक तिथे रोज चालत होती.

शहराची गोष्ट वेगळी आणि अधिक अवघड होती. गावात माणूस आपल्या जागेवर दुसऱ्या दिवशी पाया खणू शकतो. भूजच्या जुन्या शहरात तशी परवानगी दिली असती तर त्याच अरुंद, बंद टोकांच्या गल्ल्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या, ज्यांत मदतपथकेही शिरू शकली नव्हती. रस्ते रुंद करायचे तर जमीन लागणार. ती भूसंपादनाने घ्यायची तर रस्त्यावर येणाऱ्या कुटुंबाचे घर दुसऱ्यांदा जाणार. भूजचा विकास आराखडा करण्याचे काम अहमदाबादच्या एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह या, बिमल पटेल यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ना-नफा संस्थेकडे आले, आणि तिथल्या नगररचनाकारांनी यासाठी नगररचना योजनेचे जुने साधन बाहेर काढले.

हे साधन मराठी वाचकाला परके नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने ते या इलाख्यात आणले. पुण्या-मुंबईच्या जुन्या मालमत्तांच्या कागदांवर दिसणारा ‘फायनल प्लॉट’ हा शब्द त्याचीच खूण आहे. महाराष्ट्रात पुढे त्याचा वापर मंदावला, तर गुजरातने १९७६ च्या आपल्या कायद्यात ते जिवंत ठेवले आणि अहमदाबादच्या वाढीसाठी सातत्याने वापरले. त्याची रीत अशी की, एका भागातील सर्व भूखंड कागदावर एकत्र करायचे, प्रत्येकाच्या क्षेत्रातून थोडा हिस्सा रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी काढून घ्यायचा, आणि उरलेली जमीन नव्या आकाराच्या भूखंडांच्या रूपाने, शक्यतो मूळ जागेच्या जवळच, त्याच मालकांना परत द्यायची. कोणा एकाची सगळी जमीन जात नाही आणि कोणी पूर्णपणे सुटत नाही. मात्र ही पद्धत शहराबाहेरच्या मोकळ्या शेतजमिनींसाठी बनलेली होती. दाट वस्तीच्या, ढिगाऱ्याखालच्या, चिमुकल्या भूखंडांच्या जुन्या शहरावर ती लावणे हे धाडस होते, आणि ज्याचे घर आधीच पडले आहे त्याच्याकडून जमिनीचाही वाटा मागणे हे त्याहून मोठे. कपातीचे प्रमाण म्हणूनच सरसकट ठेवले नाही: सर्वांत लहान भूखंडांना झळ लागू नये आणि मोठ्यांनी अधिक भार उचलावा, अशी चढती श्रेणी ठरवण्यात आली.

या श्रेणीमागे जी मेहनत होती ती मला या साऱ्या कहाणीतील सर्वांत मोलाची वाटते. आधी प्रत्येक हद्द मोजून नकाशावर आणायची, ती मालकीच्या नोंदींशी ताडून पाहायची, विसंगती असेल तिथे मालकांना बोलवायचे, नव्या आखणीचा कच्चा नकाशा लोकांपुढे ठेवायचा, हरकती ऐकायच्या, रेषा पुन्हा सरकवायच्या. बंद टोकाच्या गल्लीला दुसरे तोंड द्यायचे, तटाआतून बाहेर नेणारा रस्ता रुंद करायचा, आणि तरीही कोणाचे देऊळ, कोणाची मशीद, कोणाचे वाचलेले घर शक्यतो मोडायचे नाही, या अटींमध्ये नगररचनाकारांना एकेका भूखंडाची जागा शोधावी लागली. नगररचना योजनेला एरवी वर्षानुवर्षे लागतात. भूजमध्ये ते काम त्या मानाने फार लवकर उरकले. पण ज्यांची घरे पडली होती त्यांच्यासाठी तेवढा काळही मोठा होता. खेड्यांत नव्या घरांचे स्लॅब पडत असताना शहरातील माणसे तात्पुरत्या निवाऱ्यात बसून नकाशाची वाट पाहत होती, आणि त्यांचा राग अनाठायी नव्हता.

जुन्या शहराची दाटी कमी करण्यासाठी मुंद्रा रस्ता, रावळवाडी, आरटीओ आणि जीआयडीसी या भागांत पुनर्वसन वसाहती आखल्या गेल्या आणि तटाआतले बरेच लोक तिकडे गेले. या सगळ्या व्यवस्थेचा आधार मालकी हाच होता, आणि तिथेच तिचा मोठा दोष आहे. भूखंडाच्या बदल्यात भूखंड मिळतो तो मालकाला. जुन्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या अल्प भाड्याने राहणारे भाडेकरू, आणि ज्यांच्याजवळ जागेचा कोणताच कागद नव्हता असे झोपडवस्तीतील रहिवासी, त्या काळजीपूर्वक केलेल्या मोजणीत रेषांच्या बाहेर राहिले. मोजणी करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याने त्या कुटुंबांच्या वाट्याला आलेली ओढाताण कमी झाली नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न तिथल्याच तरुण व्यावसायिकांनी केला, हे नोंदवले पाहिजे. भूकंपानंतर एकत्र आलेल्या अशा लोकांतून, संदीप विरमाणी यांच्या पुढाकाराने, हुन्नरशाला ही संस्था उभी राहिली. हुन्नर म्हणजे कारागिराच्या हातातले कसब. भुंग्यांनी दिलेला धडा तिने गंभीरपणे घेतला. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंती आणि थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या विटा यांना भूकंपरोधक तपशिलांची जोड देऊन, शासकीय तपासणीत मान्य होतील अशी घरे तिने कारागिरांसोबत विकसित केली. वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेल्या मुलामुलींनी गवंड्याकडून शिकायचे आणि गवंड्याने त्यांच्याकडून हिशेब समजून घ्यायचा, ही तिथली रीत झाली. भूजच्या सरदारनगर वसाहतीत विस्थापित भाडेकरूंच्या घरांसाठी तिने काम केले.

पुढे ही वाट कच्छबाहेर गेली. २००४ च्या त्सुनामीनंतर हुन्नरशालाची माणसे इंडोनेशियातील आचेमध्ये गेली, आणि २००८ च्या कोसी महापुरानंतर बिहारमध्ये बांबूच्या घरांच्या नमुन्यावर काम करू लागली. किल्लारीतील दुरुस्ती कार्यक्रमाने दिलेले सूत्र, म्हणजे पैसा आणि निर्णय घरमालकाचा, तंत्र आणि सोबत व्यावसायिकाची, कोसीच्या पुनर्वसनातही होते.

भूजमध्ये मात्र काम संपलेले नव्हते. हुन्नरशाला, कच्छ महिला विकास संघटन, सहजीवन, सेतू अभियान आणि भूजलावर काम करणारी अ‍ॅक्ट या संस्थांनी पुढे ‘होम्स इन द सिटी’ या नावाने शहरातील गरीब वस्त्यांचे पाणी, कचरा आणि घर हे प्रश्न एकत्र हाती घेतले. रामदेवनगर आणि भीमरावनगर यांसारख्या वस्त्यांत, २००१ च्या नकाशावर ज्यांच्या नावाचा भूखंड नव्हता अशा कुटुंबांची घरे राहत्या जागीच पुन्हा बांधण्याचे काम राजीव आवास योजनेखाली सुरू झाले, आणि त्या कामाची सुरुवातही जागा मोजण्यापासून आणि घर कसे हवे हे रहिवाशांना विचारण्यापासूनच झाली.