शेतातील वृक्ष-पुनरुज्जीवन (नायजर)

तोडलेल्या झाडाच्या जिवंत बुंध्याला येणारे फुटवे राखून उभ्या पिकातच पुन्हा झाड वाढवण्याची पद्धत. पश्चिम आफ्रिकेतील नायजर देशाच्या दक्षिण भागात, विशेषतः माराडी व झिंडर परिसरात ती रुजली. हौसा भाषेत तिला ‘सासाबिन झमानी’ म्हणतात. 1980च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे 50 लाख हेक्टर शेतजमिनीवर ती पसरली असून तेथे 20 कोटींच्या आसपास झाडे वाढल्याचा अंदाज आहे. रोपवाटिका नाही, खड्डे नाहीत, टँकरने पाणी घालणे नाही.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील निमकोरड्या साहेल पट्ट्यात 1970 व 1980च्या दशकांत मोठे दुष्काळ पडले. शेते उघडी बोडकी झाली होती. वाऱ्याबरोबर येणारी वाळू बाजरीचे कोवळे अंकुर गाडून टाकी आणि पेरणी पुन्हा करावी लागे. लावलेली बहुतेक रोपे मरत. माराडीत काम करणारे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांना 1983मध्ये उमगले, की माळावरची खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचेच फुटवे आहेत. जमिनीखाली मुळे शाबूत आहेत. शेतकरी दरवर्षी पेरणीआधी शेत साफ करताना तेच छाटत होते.

पद्धत साधी आहे. एका बुंध्याचे तीन-चार जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे कापायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. छाटलेले सरपणाला जाते. यात गाओ हे झाड सर्वांत मोलाचे. बाभळीच्या नात्यातले हे झाड पावसाळ्यात पाने गाळते, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. मुळांमुळे जमिनीला नत्र मिळते आणि शेंगा गुरे खातात. आपट्याच्या नात्यातले काल्गो हे झाडही बऱ्याच शेतांत राखले जाते.

खरी अडचण मात्र मालकीची होती. फ्रेंच वसाहतकाळापासून झाडे सरकारची मानली जात आणि आपल्याच शेतातले झाड तोडले तरी वनरक्षक दंड करी. मग ते वाढू देणार कोण? 1980च्या दशकाच्या मध्यानंतर अंमलबजावणी सैल झाली आणि राखलेले झाड आपले, असे शेतकरी मानू लागले. प्रसाराचे श्रेय तंत्राइतकेच, किंबहुना जास्त, या बदलाला द्यायला हवे.

अशा झाडांत हेक्टरी साठणारा कार्बन घनदाट जंगलाच्या मानाने फारच थोडा; महत्त्व आहे ते क्षेत्राच्या व्याप्तीला. आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातील 990 कोटींहून अधिक झाडांत सुमारे 84 कोटी टन कार्बन असल्याचे 2023मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे मांडले गेले. इथिओपियातील हुंबो येथे याच पद्धतीने 2,728 हेक्टर डोंगरउतार पुन्हा झाडांखाली आला. त्याची काही कार्बन क्रेडिट (झाडांनी साठवलेल्या कार्बनची विकता येणारी प्रमाणपत्रे) जागतिक बँकेने विकत घेतली.

जिथे बुंधे आणि मुळेच उरलेली नाहीत, तिथे ही पद्धत चालत नाही. मोकाट चरणाऱ्या जनावरांपासून कोवळे फुटवे राखण्यासाठी गावाला भटक्या पशुपालकांशी समझोता करावा लागतो.