बीपीसी-१५७ : ऊती-दुरुस्तीचे प्री-क्लिनिकल संशोधन

बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे, प्रयोगशाळेत तयार होणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आहे. क्रोएशियातील झाग्रेब विद्यापीठात प्रेड्राग सिकिरिच यांचा गट १९९० च्या दशकापासून त्याचा अभ्यास करीत आहे. मानवी जठररसातील प्रथिनाचा हा तुकडा असल्याचे हा गट सांगतो.

उंदरांवरील प्री-क्लिनिकल, म्हणजे माणसांवरील चाचण्यांआधीचे, निष्कर्ष खरोखर लक्षवेधी आहेत. टाचेमागची अ‍ॅकिलिस कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) कापून मग पेप्टाइड दिलेल्या उंदरांची कंडरा न दिलेल्यांपेक्षा जास्त ताण सोसू लागली आणि त्यांची चालही लवकर सुधारली. गुडघ्याचे अस्थिबंध, चिरडलेले स्नायू, जठरातील व्रण, कापून जोडलेले आतडे यांवरही असेच प्रयोग झाले. काही प्रयोगांत ते इंजेक्शनऐवजी पिण्याच्या पाण्यातून दिले. तैवानमधील संशोधकांना कंडरेच्या पेशी त्यामुळे जलद सरकताना आढळल्या. नव्या रक्तवाहिन्या फुटणे आणि नायट्रिक ऑक्साइडची (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या वायूची) शरीरातील यंत्रणा यांतून हा परिणाम होत असावा, असे मानले जाते. मात्र रक्तवाहिन्या वाढवणारा पदार्थ कर्करोगाच्या गाठीलाही रक्त पुरवू शकेल, ही शंका त्यातूनच निघते. शिवाय बहुतेक निबंध एकाच गटाचे आहेत, ही या संशोधनाची सर्वांत कच्ची बाजू. माणसांवरील अभ्यास मोजके, तेही थोड्या रुग्णांचे.

मराठवाड्यातील औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही प्रयोगपद्धत नवी नाही. विस्टार या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदराच्या पाठीवर ठरावीक मापाची जखम करून ती किती भरली हे मोजणे, हा त्यांच्या पदव्युत्तर प्रबंधांतील नेहमीचा भाग. त्यासाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. तिथून माणसापर्यंतचा टप्पा २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांतून जातो. पेप्टाइड म्हणजे संशयास्पदच, असेही नाही: वाळूजला वोक्हार्ट ही औषध कंपनी बनवत आलेली इन्सुलिन हीदेखील ५१ अमिनो आम्लांचीच, पण ती माणसांवरच्या चाचण्यांतून पार पडलेली आहे. मधुमेहींच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमा रोज पाहणाऱ्या इथल्या सर्जनला बीपीसी-१५७ वापरायला मिळत नाही, ते याच फरकामुळे.

‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का मारलेल्या कुप्या मात्र ऑनलाइन विकल्या जातात. त्यांतील शुद्धतेची हमी कोणीच देत नाही. लातूर-नांदेडच्या तालमीतल्या, खांदा दुखावलेल्या मल्लाला आणखी एक अडचण आहे: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून बीपीसी-१५७ चे नाव घेऊन ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध ठरवले आहे.